पट्टीवर 4 आला, तरी खाज का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, थंडीतली खाज आणि योनीची आम्लता (पीएच) घरी मोजायची पट्टी यांवरच्या आमच्या लेखावर तुम्ही रागाने लिहिलंत. त्या रागामागचा त्रास खरा आहे आणि तुमचा पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून तोच आधी घेते.

तुम्ही लिहिलंय की पट्टीवर आकडा 4 आला म्हणून पंधरा दिवस थांबलात, खाज वाढत गेली आणि शेवटी डॉक्टरांकडे बुरशीचा संसर्ग निघाला. मग ही घरची चाचणी हवी कशाला? लेखात एक वाक्य होतं: "आकडा 4.5च्या आत असेल तर काळजीचं कारण नाही." ते चुकीचं होतं. ते काढलं आहे आणि तिथे दुरुस्तीही लिहिली आहे.

पट्टी फक्त आम्लता मोजते. त्या मापाला पीएच म्हणतात, आणि आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. पाळी सुरू असण्याच्या वयात योनीचा पीएच साधारण 3.8 ते 4.5 असतो, कारण तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे जंतू कमी झाले आणि दुसऱ्यांनी जागा घेतली (याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात), की आकडा 4.5च्या वर जातो. ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीच्या संसर्गातही बहुतेक वेळा तो वरच असतो. बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, मात्र त्याच आम्लात मजेत वाढते. खाज, आग, दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि आकडा 4, हे बुरशीचं नेहमीचंच चित्र आहे. तुमची पट्टी बरोबर होती, तिचा आम्ही सांगितलेला अर्थ चुकला.

मग ती हवी कशाला? तर चुकीचं औषध टळावं म्हणून. खाज आली की बुरशीची क्रीम आणायची, ही सवय फार पसरली आहे. पण स्राव पातळ, करडा-पांढरा असेल, माशासारखा वास असेल (संबंधानंतर तो वाढतो, कारण वीर्य अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असतं) आणि आकडा 5 असेल, तर त्या क्रीमचा काही उपयोग नाही. तिथे वेगळं औषध लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायला हवं.

चाचणी कशी केली यावरही बरंच ठरतं. कापसाची निर्जंतुक काडी दोन-तीन सेंटिमीटर आत घालून बाजूच्या भिंतीवर फिरवायची. फार खोल नको, कारण गर्भाशयाच्या तोंडाजवळचा चिकट स्राव मुळातच कमी आम्लधर्मी असतो आणि आकडा उगीच वर दाखवतो. काडी पट्टीवर टेकवायची, पट्टी पाण्याने ओली करायची नाही. रंग पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच पाहायचा, कारण सुकताना तो बदलतो. पाळीचं रक्त असेल, दोन दिवसांत संबंध आला असेल किंवा योनीत जेल, क्रीम, गोळी वापरली असेल, तर ती चाचणी धरू नका. पट्टी 4 ते 5.5 या टप्प्यात बारीक फरक दाखवणारी हवी. 1 ते 14 दाखवणाऱ्या साध्या पट्टीवर 4 आणि 5 यांतला फरक नीट ओळखता येत नाही. पाळी कायमची थांबल्यावर मात्र 5च्या वरचा आकडा इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्यामुळेही येतो, त्यावरून संसर्ग ठरत नाही.

आता थंडी. "लेख खपावा म्हणून ऋतू जोडलात" हे मात्र मला पटत नाही. थंडीने योनीचा पीएच बदलतो असं आम्ही म्हटलेलं नाही. बदलतात त्या सवयी. थर्मल, त्यावर लेगिंग, त्यावर पँट, असे घट्ट थर दिवसभर अंगावर राहिले की घाम तिथेच मुरतो. धुतलेली अंतर्वस्त्रं नीट वाळत नाहीत आणि दमटच घातली जातात. सर्दी-खोकल्यासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने लॅक्टोबॅसिलसही मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय कडक पाण्याच्या लांब आंघोळीने बाहेरची त्वचा कोरडी पडते. ही खाज संसर्गाची नसतेच! तिथे कोमट पाणी, साबण नाही, टिपून कोरडं करणं आणि बाहेरच्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर एवढं पुरतं. जेली आत घालू नका आणि लेटेक्सच्या कंडोमसोबत वापरू नका, तो फाटू शकतो.

थंडीचा एक त्रास खुद्द पट्टीलाही होतो. बाटली बाथरूममध्ये असली की गरम पाण्याची वाफ आत जाते आणि पट्ट्या निकामी होतात. लवकर अंधार पडतो म्हणून रंग पिवळ्या दिव्याखाली पाहिला जातो आणि पिवळा व फिकट हिरवा यांतला फरक दिसेनासा होतो. नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो, म्हणून सकाळी खिडकीपाशी वाचा.

तुम्ही सुचवलेल्या "पीएच 3.5च्या वॉशने आतून धुणे" याला मात्र स्पष्ट नकार. आम्ल ओतून लॅक्टोबॅसिलस वाढत नाहीत, आतून धुतल्याने उलट ते वाहून जातात. पाणीसुद्धा बाहेरूनच.

पहिल्यांदाच असा त्रास झाला असेल, गरोदरपण असेल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, फोड-जखमा असतील, संबंधानंतर किंवा पाळी थांबल्यावर रक्त जात असेल, वर्षातून तीन-चारदा हेच होत असेल, तर पट्टीच्या नादी न लागता थेट डॉक्टर. गरोदरपणात पाण्यासारखा स्राव आला, तर ते गर्भजल असू शकतं, लगेच जा. इतर वेळी जाण्याआधी दोन-तीन दिवस योनीत क्रीम किंवा गोळी घालू नका, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली स्राव नीट तपासता येईल. आणि पट्टीचा आकडा, तारीख, पाळीचा कितवा दिवस, महिन्याभरात घेतलेली अँटिबायोटिक हे कागदावर लिहून न्या.