नौपाड्याची शाखा, घोडबंदरची फूटपट्टी

बँक कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा द्यावा का, हा वाद ठाण्याला फोन लावला की हमखास निघतो. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा-चौथा शनिवार बंद आहेच. उरलेलेही मागतात म्हटल्यावर काका चिडतात, "आधी काम तरी वाढवा!"

काम वाढलं की नाही हे ठरवायचं कशावरून? सगळे दाखला देतात 'प्रति कर्मचारी व्यवसाया'चा, म्हणजे ठेवी अधिक कर्जं, भागिले कर्मचारी. मला हा आकडा अन्यायाचा वाटतो. घोडबंदर रोडला टॉवर उभा राहिला की तिथल्या शाखेत गृहकर्जाच्या फायली चालत येतात आणि आकडा कोटींनी चढतो. नौपाड्यातल्या जुन्या शाखेत नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. आईबरोबर गेलो होतो, तिच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. काउंटरवरच्या मॅडमनी बोट पुसायला लावलं, मग दुसरं, मग तिसरं. शेवटी कागदी फॉर्म काढला, स्वतः भरला, सही कुठे करायची ते दाखवलं. मागे रांग होती, तरी आवाज चढला नाही. एवढ्या वेळात शाखेची ना ठेव वाढली ना कर्ज. महागाईने मात्र ठेवींचा आकडा फुगतो, त्यात कर्तृत्व कुणाचं?

याहून नीट मोजता येतं. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत शाखेची माणसं, जागा, खर्च एकीकडे आणि उरकलेली कामं दुसरीकडे धरतात, आणि तेवढ्याच साधनांत सर्वाधिक काम काढणाऱ्या शाखांशी तिची तुलना करतात. वर्षावर्षांतला फरक पाहायला माल्मक्विस्ट निर्देशांक लावला, की शाखा स्वतः सुधारली का यूपीआयसारख्या सोयींनी सगळ्यांचंच काम हलकं झालं, हेही वेगळं काढता येतं. पण कामांच्या यादीत हयातीचे दाखले, वारसनोंदी धरल्याच नाहीत, तर ही पद्धतसुद्धा नौपाड्याला आळशी ठरवील.

मी राहतो त्या ब्रिटनमध्ये २०१५ पासून सहा हजारांहून जास्त शाखा बंद झाल्या. ग्राहक ॲपवर गेले, हे कारण खरंच आहे. पण जे शाखेत येत राहिले, त्यांची अडचण हिशेबात फार उशिरा आली. आता 'बँकिंग हब' उघडतायत. तिथे काउंटर पोस्ट ऑफिस चालवतं आणि एकेका बँकेचा माणूस आपापला वार धरून बसतो. शेजारच्या आजींचा वार हुकला की त्यांचं काम आठवडाभर लांबतं.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, आणि जवळजवळच्या शाखा एकत्र करणं ओघाने आलं. कुठली ठेवायची हे ठरवताना काउंटरवरच्या कामाची मोजणी आधी झाली पाहिजे. पाच दिवसांच्या आठवड्याला माझा विरोध नाही. त्या बदल्यात रोज ४० मिनिटं जादा काम करायची तयारी कर्मचारी संघटनांनी दाखवली आहे. त्या ४० मिनिटांत काउंटर उघडा राहणार का, एवढं मात्र करारात लिहून घ्या.