‘सगळीकडे ई-बँड लावा, काम फत्ते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बॅकहॉलची, म्हणजे मोबाइल टॉवरला मुख्य नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्याची, क्षमता वाढवण्याबद्दलच्या लेखात मी एक क्रम दिला होता: आधी रुंद चॅनेल, मग वरचं मॉड्युलेशन (लहरीच्या एका ठोक्यात, म्हणजे सिम्बॉलमध्ये, जास्त बिट), मग एक्सपिक (एकाच चॅनेलवर दोन वाहक, एक उभ्या आणि एक आडव्या ध्रुवीकरणाचा, म्हणजे लहर डोलण्याच्या दिशेचा), आणि शेवटी जुन्या मायक्रोवेव्ह लिंकच्या जोडीला ई-बँड (८० गिगाहर्ट्झच्या आसपासची रेडिओ लिंक). त्यावर तुमचे आक्षेप तीन. मी साइटची मागणी कमी धरली. तीन सेक्टर, म्हणजे टॉवरभोवती तीन दिशांना तीन सेल, असतील तर कमाल वेगाची तिप्पट धरायला हवी. दुसरं, ई-बँड १० जीबीपीएस देत असताना १८ गिगाहर्ट्झच्या जुन्या लिंकला ठिगळं लावणं म्हणजे वेळ आणि पैसा वाया. पाऊस आला तर अडॅप्टिव्ह मॉड्युलेशन (सिग्नल उतरला की आपोआप खालच्या मॉड्युलेशनवर जाणं) बघून घेईल. तिसरं, ४०९६ क्वाम (फार वरचं मॉड्युलेशन) हा माहितीपत्रकात मिरवायचा आकडा आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. १०२४ क्वामचा एक सिम्बॉल १० बिट वाहतो, ४०९६ चा १२. म्हणजे वाढ २० टक्के. त्यासाठी सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे ६ डीबी (डेसिबल; दर ३ डीबीला पॉवर दुप्पट) जास्त लागतं, शिवाय ॲम्प्लिफायरची विकृती खपत नाही म्हणून पाठवायची पॉवर थोडी उतरवावी लागते ती वेगळीच. याउलट चॅनेल २८ चं ५६ मेगाहर्ट्झ केलं तर क्षमता दुप्पट होते आणि मोजावे लागतात फक्त ३ डीबी. लेखात मी या दोन्ही पायऱ्या एकाच वजनाने मांडल्या, ते चुकलं. ४०९६ क्वाम ही वरकमाई समजावी. तिच्यावर घरखर्च बेतू नये.

आता मागणीचा हिशेब. पाचव्या पिढीचा १०० मेगाहर्ट्झचा एक सेक्टर घ्या: ३० किलोहर्ट्झ सबकॅरिअर, २५६ क्वाम, चार लेअर (एकाच वेळी जाणारे चार प्रवाह), आणि टीडीडीमध्ये (एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं) तीन-चतुर्थांश वेळ डाउनलिंकला. कमाल वेग येतो १.७५ जीबीपीएसच्या आसपास. पण तो केव्हा मिळतो? सेलमध्ये एकच ग्राहक, तोही अँटेनासमोर, उत्तम सिग्नलमध्ये, म्हणजे सेल जवळजवळ रिकामा असताना. गर्दीच्या वेळी ग्राहक सेलभर विखुरलेले असतात, कडेचे ग्राहक कमी मॉड्युलेशनवर चालतात आणि शेजारच्या सेलचा हस्तक्षेपही वाढतो. तेव्हा सरासरी कमाल वेगाच्या एखाद्या अंशावर येते. तिन्ही सेक्टर एकाच क्षणी कमाल वेग गाठणं जवळपास अशक्य. म्हणून आखणीत दोन आकडे काढून त्यातला मोठा घेतात: एका सेलचा कमाल वेग, किंवा सर्व सेलच्या गर्दीच्या सरासरीची बेरीज.

उदाहरणापुरती सरासरी सेलमागे ३०० एमबीपीएस धरू. एका साइटला कमाल १.७५, बेरीज ०.९, म्हणून १.७५ घ्यायचे. तीन साइट एकाच लिंकवर आल्या तर बेरीज २.७ होते आणि आता तीच मोठी. जीटीपी, यूडीपी, आयपी, इथरनेट या आवरणांसाठी १० ते १५ टक्के चढवा. आयपीसेक (एन्क्रिप्शन) लावणार असाल तर २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे एका साइटला साधारण २ जीबीपीएस, तिघींना ३ च्या वर. तुमच्या पद्धतीने नऊ सेक्टरांचे पावणेसोळा जीबीपीएस होतात. तेवढ्यासाठी यंत्रणा उभी केली तर तिचा बहुतांश भाग कायम रिकामा पडून राहील.

मुख्य मतभेद ई-बँडवर आहे. ‘१० जीबीपीएस’ हा आकडा मला अर्धा वाटतो. ‘वर्षातला किती वेळ’ हे सोबत सांगितल्याशिवाय तो आखणीत घेता येत नाही. तीन किलोमीटरची लिंक घेऊन गणित मांडतो.

८० गिगाहर्ट्झला तीन किलोमीटरवर मोकळ्या जागेतला क्षय १४० डीबी. दोन्ही टोकांना ६० सेंटिमीटरचे अँटेना, प्रत्येकी ५० डीबीआय (अँटेनाने मिळणारी वाढ). पॉवर १५ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबी), हवेतल्या वायूंचा क्षय १ डीबीच्या जरा वर. पलीकडे सिग्नल पोचतो −२६ डीबीएमला. २००० मेगाहर्ट्झ चॅनेलवर २५६ क्वाम चालायला सुमारे −४६ लागतो, म्हणजे पावसासाठी मार्जिन २० डीबी. चॅनेलही आकसू शकणारा रेडिओ असेल आणि २५० मेगाहर्ट्झवर क्यूपीएसकेपर्यंत (सिम्बॉलला २ बिट, तळाची पायरी) उतरला, तर उंबरठा −७२ च्या आसपास आणि मार्जिन ४६ डीबी. पण तेव्हा हाती उरतात तीन-चारशे एमबीपीएस.

आता पाऊस. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.८३८ शिफारशीतल्या सूत्राने ८० गिगाहर्ट्झला ताशी १०० मिलिमीटर पावसात किलोमीटरला सुमारे ३१ डीबी जातात, ताशी ५० मिलिमीटरला १९. वरची मार्जिनं उलटी फिरवून पाहा: पूर्ण १० जीबीपीएस टिकतात ताशी ११-१२ मिलिमीटरपर्यंत, आणि लिंक साफ बंद पडते ३७ च्या पुढे. पाऊस सगळ्या मार्गावर सारखा पडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र जरा बरं असतं, आयटीयूच्याच पी.५३० शिफारशीत त्यासाठी अंतराचा गुणक आहे. पण जिथे ताशी १०० मिलिमीटरच्या सरी वर्षातले ५३ मिनिटं, म्हणजे ०.०१ टक्के वेळ, ओलांडल्या जातात, तिथे ३७ मिलिमीटरचा पाऊस त्याहून पुष्कळ जास्त वेळ असतो. अडॅप्टिव्ह मॉड्युलेशन बघून घेईल खरं, पण पायऱ्या संपेपर्यंतच. तळाच्या पायरीखाली काही नसतं.

तेच अंतर १८ गिगाहर्ट्झवर घ्या. ६० सेंटिमीटरच्या अँटेनाला ३८.५ डीबीआय, पॉवर २० डीबीएम, क्षय १२७ डीबी; सिग्नल −३०. ५६ मेगाहर्ट्झवर १०२४ क्वामला सुमारे −५७ पुरतो, मार्जिन २७. ताशी १०० मिलिमीटरला उभ्या ध्रुवीकरणाचे किलोमीटरला जेमतेम ८ डीबी जातात, आडव्याचे १० च्या वर, कारण पडताना थेंब चपटे होतात. म्हणजे उभा वाहक १०२४ वर तग धरतो, आडवा ५१२ किंवा २५६ पर्यंत उतरतो. मुसळधार पावसातही दोन्ही मिळून आठशेच्या घरात एमबीपीएस हाती राहतात. ज्याला तुम्ही ठिगळ म्हणता ते हेच. कोरड्या वेळी ई-बँड सगळा भार उचलतो. पावसात आवाज, सिग्नलिंग आणि वेळजुळणी १८ गिगाहर्ट्झवरून जाते, बाकीच्यांना सबुरी.

दोन लिंक शेजारी उभ्या केल्या की आपोआप एक होतात, हा मात्र दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि गडबड बहुतेक वेळा इथेच होते. साधं लिंक ॲग्रिगेशन (दोन लिंक एक म्हणून वापरण्याची सोय) प्रवाहाच्या पत्त्यांवरून हॅश, म्हणजे एक ठरावीक आकडा, काढून प्रत्येक प्रवाह एका लिंकवर टाकतं. आयपीसेक असेल तर साइटची सगळी वाहतूक एकाच बोगद्यात, म्हणजे एकच प्रवाह, म्हणजे एकच लिंक, दुसरी रिकामी. दुसरी खोच अशी की ई-बँड १० वरून ०.४ जीबीपीएसवर आला तरी इथरनेट पोर्ट चालूच दिसतं. ॲग्रिगेशनला कळतच नाही, ते निम्मे प्रवाह त्याच गळक्या नळात ओतत राहतं. त्यामुळे जोडणी रेडिओच्या पातळीवरच हवी, जी क्षणोक्षणीची क्षमता पाहून फ्रेम वाटते आणि पलीकडे पुन्हा क्रमाने लावते. रांगा आणि वाहतुकीचा वेग आवरणारे शेपरही रेडिओतच ठेवा. राउटरवर ठेवायचे असतील तर वाय.१७३१ या इथरनेट मानकातला बँडविड्थ सूचनेचा संदेश दोन्ही उपकरणांना कळतो का, हे खरेदीआधी तपासा.

वेळजुळणीचंही तसंच. टीडीडीला फेजची अचूकता ±१.५ मायक्रोसेकंद लागते. मॉड्युलेशन बदललं की लिंकचा विलंब बदलतो, आणि जाता-येताच्या विलंबात फरक पडला तर त्याचा अर्धा भाग थेट वेळेची चूक होतो. रेडिओ स्वतः बाउंडरी किंवा ट्रान्सपरंट क्लॉक (स्वतःचा विलंब मोजून वेळ दुरुस्त करणारं घड्याळ) नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात सेल एकमेकांवर ओरडायला लागतात.

एक्सपिकवर तुम्ही फार बोलला नाहीत, म्हणून थोडक्यात. अलाइनमेंट करताना एकच ध्रुवीकरण चालू ठेवा आणि पलीकडे दोन्ही रिसिव्हर मोजा. फरक २५ ते ३० डीबी मिळेपर्यंत फीड (अँटेनाच्या तोंडाशी असलेला भाग) फिरवा. हे न करता दोन्ही वाहक सुरू केले तर कोरड्या दिवशी सगळं ठीक दिसतं आणि पावसात दोन्ही एकदम कोसळतात. त्यापुढची पायरी म्हणजे लाइन-ऑफ-साइट मायमो (दोन्ही टोकांना दोन-दोन अँटेना लावून एकाच चॅनेलवर अनेक प्रवाह). १८ गिगाहर्ट्झला तीन किलोमीटरवर दोन अँटेनांमध्ये ५ मीटर अंतर हवं. टॉवरवर तेवढी जागा आणि वाऱ्याचा भार सोसायची ताकद क्वचितच शिल्लक असते, म्हणून लेखात मी ते घेतलं नव्हतं.

तुम्ही फायबरचाही उल्लेख केलात. जिथे पोचतो तिथे वादच नाही. पण फायबर साइटपर्यंत नाही आला तरी साखळीच्या मध्यावर आला तर पुष्कळ झालं: तीन हॉपची, म्हणजे लागोपाठच्या तीन लिंकची, ओळ तुटून दोन छोटे फाटे होतात, आणि ३ जीबीपीएसची गरज असलेली, तिन्ही साइटचा भार वाहणारी लिंकच उरत नाही. कुठलाही रेडिओ बदलण्याआधी नकाशावर हे पाहून घ्यावं. हा मुद्दा लेखात सगळ्यात वर हवा होता. आता तिथे नेतो.

तुम्ही ई-बँड लावणारच असाल तर एक सांगतो. ६० सेंटिमीटरच्या अँटेनाचा झोत अर्ध्या अंशाहूनही अरुंद असतो. बारीक पाइपचा खांब वाऱ्यात तेवढा सहज पिळतो, आणि निरभ्र दिवशीही दर झुळकीला मॉड्युलेशन खाली-वर होत राहतं. अलाइनमेंटनंतर मिळालेला सिग्नल गणितातल्या आकड्याशी २-३ डीबीत जुळायलाच हवा. १५-२० डीबी कमी असेल तर झोताची बाजूची पाकळी पकडली गेली आहे. लिंक तेव्हाही चालते, १० जीबीपीएसही दाखवते, फक्त पावसासाठी ठेवलेलं सगळं मार्जिन आधीच खर्ची पडलेलं असतं. अँटेना आडवा आणि उभा दोन्ही दिशांना पूर्ण फिरवा, मधलं शिखर आणि दोन्ही बाजूंच्या पाकळ्या दिसल्या की मगच बोल्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर सिग्नल पुन्हा मोजा.