‘पिंटरेस्टवर दहा मिनिटांत होतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ग्राफिक डिझाइनसाठी कल्पना पिंटरेस्टवर (चित्रं शोधून साठवायच्या साइटवर) न शोधता आपल्या कोल्हापुरातल्या पाट्या, चपला, रंग बघून शोधा, असं मी लिहिलं होतं. त्यावर प्रतिक्रिया सडेतोड लिहिलीत, बरं वाटलं. ती लांब आहे, म्हणून बाकीच्यांसाठी तिचा गाभा आधी सांगतो. पहिला आक्षेप वेळेचा: ‘चप्पल लाईन, लक्ष्मीपुरीतल्या पाट्या, जोतिबाचा गुलाल बघत हिंडायला वेळ कुणाला आहे? गिऱ्हाईक सकाळी मजकूर पाठवतं आणि संध्याकाळी फ्लेक्स चौकात लागलेला पाहिजे असतो. पिंटरेस्टवर दहा मिनिटांत होतं.’ दुसरा जास्त बोचरा: ‘पेंटरचं अक्षर बघून लोगो करायचा आणि त्याला प्रेरणा म्हणायचं, मग प्राडानं वेगळं काय केलं?’ (इटलीच्या या फॅशन कंपनीचा कोल्हापुरी चपलेवरून झालेला वाद; त्याबद्दल खाली.) आणि जाता जाता विचारलंय की गिऱ्हाईकच पिंटरेस्टचा फोटो पाठवून ‘सेम असंच’ म्हणतं, त्याचं काय करायचं.

वेळेचं तुमचं म्हणणं खरं आहे. संध्याकाळच्या फ्लेक्ससाठी सकाळी कुणी पाट्या बघत फिरू नये. माल आधीच भरलेला असावा लागतो, आणि तो कसा लावून ठेवलाय यावर सगळं अवलंबून असतं. ‘लोगो’, ‘पोस्टर’, ‘कलर’ अशा नावांच्या फोल्डरमध्ये आठशे फोटो कोंबले तर ऐन वेळी काहीच सापडत नाही. फोल्डरला अडचणीचं नाव द्या: ‘लांबलचक नाव’, ‘दोनच रंग’, ‘चालत्या गाडीतून वाचायचं’, ‘फोटो खराब आलाय’, ‘मराठी-इंग्रजी एकत्र’. फोटोखाली एक ओळ लिहा, की यात कुठली अडचण सोडवलीय आणि कशी. ती ओळ लिहिता येत नसेल तर फोटो ठेवू नका. असं फोल्डर तयार असलं की दहा मिनिटं खरंच पुरतात.

पिंटरेस्टशी वैर नाही, पण तिथलं चित्र उघडंबोडकं येतं. मूळ किती मोठं होतं, कशावर छापलं होतं, किती लांबून बघायचं होतं, यातलं काही कळत नाही. बहुतेक वेळा हाताला लागते ती ७३६ पिक्सेल रुंदीची प्रत. ती २० फुटी फ्लेक्सवर ताणली तर इंचाला जेमतेम तीन पिक्सेल येतात. (२० बाय १० फूट, इंचाला ७२ पिक्सेल असा हिशेब धरला तर १७२८० बाय ८६४० लागतात.) शिवाय एक चित्र उघडलं की त्याचीच भावंडं समोर येतात. ‘मिसळ लोगो’ शोधा: फेटा, मिशा, लाल तर्री. मग कोल्हापुरातली प्रत्येक मिसळ एकाच मिशीखाली विकली जाते. ‘नाद खुळा’ लिहून चप्पल आणि मिरची चिकटवली की त्याला स्थानिक म्हणायचं, हाही पिंटरेस्टचाच प्रकार, फक्त गावठी.

ऑनलाइन शोधताना कामाचं नाव न टाकता वस्तूचं टाका. ‘मसाला पॅकेजिंग’ऐवजी काडेपेटीची लेबलं, जुनी रेल्वे तिकिटं, इनॅमलच्या पाट्या, कापडाच्या ताग्यावरची लेबलं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं २०१७ पासून कॉपीराइट नसलेल्या कलाकृतींचे फोटो बिनशर्त वापरायला खुले केलेत. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरही मोठ्या आकारात चित्रं उतरवता येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरफॉर्म आर्काइव्हचा ऑनलाइन संग्रह तर इतका जवळून बघता येतो की छपाईचे ठिपके आणि कागदाचा खरखरीतपणा दिसतो. ‘फॉन्ट्स इन यूज’वर एखादा फॉन्ट प्रत्यक्ष कुठं आणि कसा वापरलाय ते शोधता येतं. पिंटरेस्टवर काही आवडलंच तर गूगल लेन्सनं मूळ ठिकाण शोधा. कर्ता, साल, आकार यांपैकी दोन गोष्टी सापडल्या तरच साठवा.

आता पाट्या. पेंटरच्या पाटीत काय बघायचं ते एका उदाहरणानं सांगतो. ‘कोल्हापुरी’ आणि त्याखाली मध्यावर ‘मिरची’, अशा दोन ओळी कंप्युटरवर घेऊन बघा. सॉफ्टवेअरचं ऑटो लीडिंग (दोन ओळींमधलं आपोआप पडणारं अंतर) अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के असतं आणि ते रोमन अक्षरांच्या मापाचं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळं ‘पु’चा उकार खालच्या ‘ची’च्या वेलांटीत घुसतो. आपण काय करतो? लीडिंग १५० टक्क्यांवर नेतो. टक्कर टळते, पण मधे ढगळ पट्टा राहतो आणि दोन शब्द दोन वेगळ्या दुकानांचे वाटतात. हाताने रंगवणारा तसं करत नाही. तो ‘मिरची’ थोडी डावीकडं सरकवतो, नाहीतर उकार आडवा ओढून ‘री’च्या कान्याखाली नेतो, नाहीतर ‘मि’ची वेलांटी लांबवून वरच्या ओळीतल्या रिकाम्या जागेत बसवतो. लांबलचक नाव असलं तर ‘श्री’ बारीक करून वर, ‘आणि मंडळी’ शेपटीसारखं खाली, आणि मधल्या शब्दाची शिरोरेषा दोन्ही टोकांना ओढून पाटीची रुंदी भरलेली. हे बघायला रोज हिंडावं लागत नाही. कामावर जाता-येता सिग्नलला थांबता, तेवढ्यात एक फोटो होतो.

फोटो मात्र पाटीच्या अगदी समोरून घ्या. खालून घेतला की अक्षरं वर निमुळती होतात आणि प्रमाणच चुकतं. सकाळचं किंवा ढगाळ ऊन बरं. भर दुपारी तेलरंग चमकतो आणि रंग पांढुरका येतो. पाटी किती पावलांवरून वाचता आली तेही लिहा. बोर्डाच्या धंद्यातला ढोबळ हिशेब दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर असा आहे. जोडाक्षरं जास्त असतील तर त्याहून मोठं घ्या.

गुलालाबद्दल तुम्ही ‘फोटोतून रंग उचलला की झालं’ म्हणता, तिथं मात्र घोळ होतो. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल फोनच्या कॅमेऱ्याला झेपत नाही. लाल चॅनेल भरून जातो आणि मऊ धुळीच्या जागी सपाट राणी रंगाचा डाग येतो. तो आयड्रॉपरनं (सॉफ्टवेअरमधल्या रंग उचलायच्या साधनानं) उचलला तर स्क्रीनवर झगमगतो, पण फ्लेक्सच्या चार शाईंत तो रंगच नाही, मग छापून येतो मरगळलेला. शाईचे टक्के मॅजेंटा ९५, यलो २०, बाकी शून्य, इथून सुरुवात करा. दोन्ही आकडे पाच-पाचनं कमीजास्त करून सहा चौकोन दुसऱ्या कुठल्या तरी फ्लेक्सच्या कडेला छापून घ्या आणि उन्हात धरून बघा. गुलाल उठून दिसतो तो शेजारच्या पांढऱ्या कपड्यांमुळं आणि काळ्या दगडामुळं. नुसता गुलाबी उचलून पिवळ्यावर टाकला की जोतिबा गेला आणि राहिला वाढदिवसाचा बॅनर.

आता चोरीचा आरोप. प्राडानं जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली ती उगमाचं नाव न घेता. ओरड झाल्यावर भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून ती सुचल्याचं मान्य केलं. या चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तरी जीआय नावाला संरक्षण देतं, आकाराला नाही. म्हणजे कायद्यात बसतं का आणि बरोबर आहे का, हे प्रश्न वेगळे. पेंटरचं अक्षर जसंच्या तसं ट्रेस करून लोगो विकणं ही चोरीच आहे, यात तुमच्याशी सहमत. आपल्याकडं कलाकृतीवरचा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नेमकं तेच अक्षर हवं असेल तर पेंटरला गाठा, त्याच्याकडून रंगवून घ्या, बिलात त्याचं नाव आणि पैसे दाखवा. हनीफ कुरेशी यांच्या, पेंटरांची अक्षरं फॉन्ट म्हणून जपणाऱ्या ‘हँडपेंटेडटाइप’ प्रकल्पात फॉन्टना पेंटरांचीच नावं दिली होती, तोही चांगला दाखला.

पण उकार कुठं सरकवायचा ही युक्ती कुणा एकाच्या मालकीची नसते. चपलेचंही तसंच. तिचं चित्र डब्यावर छापू नका. खिळ्याविना, चामड्याच्या वादीनं घातलेल्या शिवणीचे दहा टाके पट्टीनं मोजा आणि दहानं भागा. एक टाका आणि त्यापुढची जागा मिळून किती, ते माप हाती येतं. वेणीत किती पेड आहेत आणि एक पेड किती अंतरावर परत वर येतो ते कागदावर काढा. फोटो काढताना शेजारी दहाचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, माप नंतरही काढता येतं. इमेज ट्रेस (फोटोवरून आपोआप रेषा काढणारी सोय) वापरू नका, रेषेवर शेकडो बिंदू पडून कडा खडबडीत होतात. एक पेड हातानं काढून तो रिपीट करा. त्यातून होणारी बॉर्डर चपलेसारखी दिसणार नाही, पण लय तिचीच असेल.

राहिलं ‘सेम असंच’. गिऱ्हाइकाला फोटोतलं सगळं आवडलेलं नसतं, एकच गोष्ट आवडलेली असते आणि ती त्याला सांगता येत नाही. फोटो काळा-पांढरा करून परत दाखवा. ‘आता नाही मजा’ म्हणाला तर रंग आवडलाय. तरीही आवडतंय म्हणाला तर मजकुरावर कागद ठेवून विचारा, मग चित्रावर. ही एक गोष्ट ठेवायची, बाकी सगळं त्याच्या दुकानाच्या मापानं नव्यानं करायचं. तरीही हट्ट धरलाच तर मूळ चित्राची परवानगी त्यानं आणावी हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि मगच अॅडव्हान्स घ्या.