खुलासा: कॉम्प्युटरचा मोठा पॉवर सप्लाय म्हणजे मोठं वीजबिल नव्हे

‘६५० वॅटचा पॉवर सप्लाय सतत ६५० वॅट वीज खातो, म्हणून बजेटमध्ये लहानच घ्या’ असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. तो आकडा कमाल क्षमतेचा. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड वगैरे मिळून २०० वॅट मागत असतील आणि सप्लायची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर सॉकेटमधून २५० वॅटच ओढले जातात. वरचे ५० उष्णतेत जातात. बिलात फरक पडतो तो या कार्यक्षमतेमुळे, म्हणून ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची खूण बघा. काटकसर करायचीच तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर करा, इथे कृपया नको. अपुरा सप्लाय ऐन कामात मशीन बंद पाडतो, आणि हलक्या प्रतीचा जळताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो.