ठिपका दिसतो, पण समोरचं दिसतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्यातला एक मुद्दा बिनतोड आहे हे लक्षात आलं, म्हणून हे उत्तर लांबणार आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मते माझ्या मागच्या लेखात पिस्तुलावरच्या ट्रिटियमच्या साइट्सना (अंधारात आपोआप चमकणाऱ्या, नेम धरायच्या खुणांना) मी उगाच नावं ठेवली, कारण तुमच्या 12 वर्षांपूर्वीच्या साइट्स अजून नव्यासारख्या चमकतात. रेड डॉटच्या (भिंगात उजळ ठिपका दाखवणाऱ्या, बॅटरीवरच्या साइटच्या) जमान्यात 'नजर माशीवर, म्हणजे पुढच्या साइटवर, ठेवा' हा सल्ला आजोबांच्या काळातला आहे. फायबर ऑप्टिकला (बाहेरच्या उजेडाने टोकाशी चमकणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याच्या साइटला) मी एका वाक्यात मोडीत काढलं. आणि साइटची देखभाल म्हणजे फडकं मारणं, त्यावर तीन परिच्छेद कशाला?

तुमच्या 12 वर्षांपासूनच सुरुवात करू. ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं आहे. काचेच्या इवल्याशा नळीत हा वायू भरलेला असतो आणि नळीला आतून फॉस्फरचा लेप असतो. वायूतून सुटणारे इलेक्ट्रॉन लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. बॅटरी लागत नाही, उन्हात धरावं लागत नाही, म्हणून मलाही ही युक्ती आवडते. पण वायू नळीत भरला त्या दिवसापासून तो घटायला लागतो, तुम्ही साइट बसवली त्या दिवसापासून नाही. म्हणजे तुमच्या साइटमधला जवळजवळ निम्मा ट्रिटियम आज संपलेला आहे, आणि लेपही दरम्यान थकतो, तो हिशेब वेगळाच.

मग ती नव्यासारखी कशी वाटते? एक तर घट इतकी संथ असते, की रोज पाहणाऱ्याला ती जाणवतच नाही. शिवाय निम्मा उजेड आपल्या डोळ्याला निम्मा वाटत नाही, थोडासाच कमी वाटतो. तिसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही ती पाहता कधी? बहुधा रात्री दिवे मालवून, अंधारात थोडा वेळ गेल्यावर. डोळा अंधाराला पुरता सरावायला 20 ते 30 मिनिटं घेतो, आणि तसा सरावलेला डोळा अगदी मिणमिणता ठिपकाही टिपतो. आता उलट करून पाहा. हत्यार रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, लख्ख उजेडाच्या खोलीत पाच मिनिटं बसा आणि थेट अंधाऱ्या खोलीत जाऊन साइट बघा. ठिपके लगेच दिसले, तर साइट अजून कामाची आहे. शोधावे लागले, तर नळ्या बदलायची वेळ आली.

पण माझा मूळ आक्षेप ठिपक्याच्या तेजावर नव्हताच. चमकणारी साइट तुमच्या पिस्तुलाची नळी कुठे रोखली आहे एवढंच सांगते. नळीसमोर काय आहे, हे ती सांगत नाही. साइट दिसावी पण लक्ष्य ओळखता येऊ नये, इतक्याच अंधारात ट्रिटियम सगळ्यात झळाळतं, आणि नेमकं तेव्हाच गोळी झाडायची नसते. समोरचं ओळखता येईल इतका उजेड असला, मग तो टॉर्चचा का असेना, की साधी काळी माशी त्या उजळलेल्या लक्ष्यावर ठसठशीत उमटते. ट्रिटियमचा खरा उपयोग मधल्या पट्ट्यात आहे: संधिप्रकाशात, किंवा लक्ष्य उजेडात आणि तुम्ही सावलीत असाल तेव्हा. त्यासाठी जरूर घ्या. पण टॉर्चला पर्याय म्हणून घेऊ नका, एवढंच मी लिहिलं होतं.

घेणारच असाल, तर तिन्ही ठिपके सारख्याच रंगाचे आणि सारख्याच तेजाचे घेऊ नका. गडद अंधारात मागच्या साइटची खाच दिसत नाही, नुसते तीन ठिपके तरंगतात. घाईत पुढचा ठिपका मागच्या दोघांच्या मधे न येता एका कडेला बसतो आणि तरी तीन ठिपके ओळीत दिसले म्हणून आपण खूश असतो. मागचे ठिपके मंद किंवा वेगळ्या रंगाचे असले की हा गोंधळ टळतो. पुढचा हिरवा असावा, कारण मंद उजेडात आपला डोळा लाल रंगाला फार लवकर मुकतो.

आता 'आजोबांचा सल्ला'. पिस्तुलावर पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर 165 मिलिमीटर धरा. माशी खाचेत फक्त अर्धा मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 76 मिलिमीटर बाजूला जाते. 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे तुम्ही थेट आठच्या रेषेवर पोचलात. उलट, माशी खाचेत बरोबर मधे ठेवून अख्खा हातच अर्धा मिलिमीटर समांतर हलला, तर गोळीही अर्धाच मिलिमीटर हलते. म्हणून लक्ष्य थोडं धूसर चालतं, माशी धूसर चालत नाही. उघड्या साइटसाठी हे आजही तितकंच खरं आहे आणि नातवंडांच्या काळातही राहील.

रेड डॉटला हे गणित लागू नाही, मान्य. तिथे नजर लक्ष्यावर ठेवायची, दोन्ही डोळे उघडे. चाळिशी लागलेल्यांना तर ते वरदानच आहे, कारण माशी स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यांशी झटापट करावी लागत नाही. पण तुम्ही लिहिलंत की 'ठिपका म्हणजे ठिपका, त्यात निवडायचं काय'. निवडायचं आहे. एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग. 2 एमओएचा ठिपका 25 मीटरवर साधारण 15 मिलिमीटर झाकतो, 6 एमओएचा 44 मिलिमीटर. पहिला अचूक, दुसरा चटकन सापडणारा. आणि ठिपका तुम्हाला धूमकेतूसारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसत असेल, तर साइट परत करण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तिच्यात बघा. कॅमेऱ्यात ठिपका गोल दिसला, तर दोष बहुधा तुमच्या डोळ्याच्या असमान वक्रतेचा, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा आहे. चष्मा तपासून घ्या.

रात्री या ठिपक्याचं तेज अगदी खाली आणावं लागतं, जेमतेम दिसेल इतकं. दिवसाच्या तेजावर ठेवलेला ठिपका अंधारात भडकतो आणि लक्ष्यच गिळून टाकतो. आपोआप तेज बदलणाऱ्या साइटवर पुरता विसंबू नका. तिचा सेन्सर तुमच्या जवळचा उजेड मोजतो, लक्ष्यावरचा नाही. तुम्ही अंधारात उभे आणि टॉर्चने लक्ष्य उजळलेलं, अशा वेळी ठिपका नेमका फिका पडून विरघळतो.

फायबर ऑप्टिकबद्दल तुमचं बरोबर, माझं चूक. मी 'उन्हात मिरवण्यापुरतं' असं लिहिलं, ते अन्यायाचं होतं. उघड्यावर, हलत्या लक्ष्यावर, झपाट्याने नेमबाजी करायची असेल तर माझ्या काळ्या माशीपेक्षा ते नक्कीच सरस. उजेड बाहेरून गोळा करून टोकाला आणणं एवढंच त्याचं काम, त्यामुळे अंधारात ते विझतं, पण तसा दावा कुणी केलेलाच नव्हता. माझी तक्रार आता एवढीच उरते, की भर उन्हात ते टोक फुलून मोठं दिसतं आणि डोळा माशीची वरची सरळ कड सोडून त्या ठिपक्याने नेम धरू लागतो. कागदावर बारीक ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घट्ट पुंजका) काढायचा असेल, तर मी अजूनही काळी, चौकोनी, न चमकणारी माशीच घेईन. घासून चकाकलेल्या माशीवर एका बाजूने ऊन पडलं, की आपण नकळत उजळलेली कड मधे आणतो आणि गोळ्या उजेडाच्या विरुद्ध बाजूला जातात. जुने नेमबाज माशीवर काजळी धरतात ती याचसाठी.

राहिलं फडकं. एकदा लागोपाठ तीन रविवार माझा ग्रुप डावीकडे जात होता. मी ट्रिगर ओढायची पद्धत बदलली, पकड बदलली, शेवटी श्वासालाही दोष दिला. चौथ्या रविवारी शेजारच्या लेनवरच्या गृहस्थांनी बोटाने मागची साइट दाबली आणि ती हलली. तेव्हापासून साइट आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) यांच्यावर मिळून नखाएवढ्या बारीक ब्रशने एक पांढरी रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली, की साइट सरकली. फडक्याने हे कळत नाही.

आणि फडकंही जपूनच. भिंगावर आधी हवा मारून धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी कापड. धुळीसकट पुसलं तर आपणच ओरखडे काढतो. पिस्तुलाची नळी साफ करायचं सॉल्व्हंट फायबरच्या प्लास्टिकला खाऊ शकतं, आणि तेलाचा थेंब उघड्या रेड डॉटच्या एलईडीवर पडला तर ठिपक्याचा भोपळा होतो. बॅटरी वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, चालू असली तरी बदला. बॅटरी बदलायला साइट काढावी लागत असेल, तर परत बसवल्यावर झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, हे पुन्हा तपासा. दुरुस्तीचं सूत्र सोपं आहे: गोळ्या जिकडे न्यायच्या तिकडे मागची साइट सरकवा, पुढची उलट दिशेला.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही जुन्या, पिवळट ठिपक्यांच्या एका साइटचा उल्लेख केलाय, 'आता चमकत नाही, खरवडून नवा रंग भरतो' असं. कृपया थांबा. ट्रिटियमच्या आधी काही साइट्सवर रेडियमचा रंग वापरत. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं. चमकणारा लेप कधीच मेलेला असतो, रेडियम मात्र तसंच असतं, आणि खरवडलं की त्याची धूळ श्वासातून आत जाते. ती साइट पिशवीत घालून ठेवा आणि किरणोत्साराचं मापक असलेल्या जाणकाराकडून आधी तपासून घ्या.

मूळ लेखातलं फायबरबद्दलचं वाक्य आज सकाळीच बदललं आहे.