संकटातली श्रद्धा खोटी कशी?

महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा सुरू झाली की नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती कुटुंबांवर जुनाच आरोप होतो : तुमच्या पूर्वजांनी दुष्काळात धान्यासाठी धर्म सोडला, म्हणून तुमची श्रद्धा विकतची आहे. बर्मिंगहॅममध्ये राहून हे वाचताना येणारा संताप मला आवरता येत नाही, आणि तो आवरावा असेही वाटत नाही.

1876-78 च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी अन्न पुरवले आणि त्यानंतर गावोगावी अनेकांनी बाप्तिस्मा घेतला, हे मी नाकारत नाही. पण दुष्काळ सरला, धान्यवाटप थांबले, आणि तरीही पुढच्या पिढ्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, टिकून राहिल्या, याचा विचार कोण करणार? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. लाभच हवा असता, तर आमच्या लोकांनी ही श्रद्धा केव्हाच सोडली असती.

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा गरजूंना मोफत अन्न देणारी फूड बँक भरते. तिथून डबे नेणाऱ्यांपैकी कोणी रविवारी उपासनेला येऊन बसला, तर तो अन्नासाठी विकला गेला, असे इथे कोणाच्या मनातही येत नाही. इथल्या लोकांचे हे सौजन्य मला आपल्याकडच्या मोठमोठ्या तात्त्विक वादांपेक्षा मोलाचे वाटते.

आणि ज्यांना धान्याची गरजच नव्हती, त्यांचे काय? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पदरी नातलगांचा दुरावा आला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या निर्णयाने 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात अनाथ मुलींना आश्रय दिला. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम शेवटपर्यंत करत राहिल्या. त्या दुःखात त्यांना ख्रिस्ताकडून कोणते धान्य मिळणार होते?

2020 च्या वसंतात कोविडमुळे आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात नातेवाइकांना येऊ देत नव्हते आणि चर्चही बंद होती, तेव्हा मला याचे उत्तर अनुभवाने कळले. नाइट शिफ्टमध्ये मरणाऱ्या माणसाचा हात धरून बसताना मला इंग्रजी प्रार्थना आठवत नसे. आजीने पाठ करून घेतलेले बायबलमधले तेविसावे स्तोत्र आणि टिळकांचे अभंग मी मनात मराठीतच म्हणत असे. त्यांनी मृत्यू टळला नाही, परंतु त्या खोलीत आम्ही दोघेच नाही, प्रभूही आहे, एवढी खात्री मिळे आणि मी पुढच्या खाटेकडे जाऊ शके.

‘तुमच्या ख्रिस्ती देशात जा’ असे सांगणाऱ्यांना सांगायला हवे की, मी त्याच देशात राहते. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्केच उरले. आमच्या मंडळीत काही वृद्ध इंग्रज आहेत, बाकी नायजेरियन आणि मल्याळी कुटुंबे. सगळे प्रेमाने वागतात, तरी मी तिथे पाहुणीच असते. नगरच्या उपासनेत टिळकांचे पद पेटीवर सुरू झाले की पुढच्या ओळीसाठी मला पुस्तक उघडावे लागत नाही. माझी मंडळी तीच आहे, आणि तिथल्याच माणसांनी मला परके ठरवावे, हे दुःख प्रार्थनेनेही अजून हलके झालेले नाही.