वेल्सचे गेथिंग आरक्षणातून आले नव्हते

मालवणला राहणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप गटात एक मजकूर पाठवला आणि खाली 'विचार करा' एवढेच लिहिले. मजकुराचा सारांश असा: ब्रिटनची चारही राज्ये परक्यांच्या ताब्यात गेली होती, इंग्लंड ऋषी सुनक यांच्या, स्कॉटलंड हमझा युसुफ यांच्या, आयर्लंड आपल्या लिओ वराडकरांच्या आणि वेल्स वॉन गेथिंग नावाच्या आफ्रिकी निर्वासिताच्या. या गेथिंगला निवडणुकीशिवाय, केवळ कातडीच्या रंगावर, आरक्षणातून पंतप्रधान केले. चार महिन्यांत तो लाच घेताना सापडला आणि न्यायालयाने त्याला हाकलले. हा मजकूर आधीही माझ्याकडे आला होता आणि मी तो सोडून दिला होता. परंतु मामा निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी पाठवलेले गावात खरे मानले जाते, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

वराडकरांचे आधी पाहू. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, याचा मामांना अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण ते ज्या आयर्लंडचे पंतप्रधान होते तो देश १९२२ सालीच ब्रिटनपासून वेगळा झाला. ब्रिटनमध्ये उरलेल्या उत्तर आयर्लंडची सूत्रे फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेल ओनील यांच्याकडे आली, आणि त्यांना परके म्हणण्याचे धाडस हा मजकूर लिहिणाराही करणार नाही. ज्या २० मार्च २०२४ रोजी गेथिंग पदावर आले, नेमक्या त्याच दिवशी वराडकरांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. सुनक इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनमध्ये जन्मले, युसुफ स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये. वेल्सला तर पंतप्रधानच नसतो. तेथे प्रथम मंत्री असतो, आणि १९९९ पासूनच्या त्या प्रादेशिक व्यवस्थेकडे आरोग्य, शिक्षण असे विषय आहेत, संरक्षण किंवा परराष्ट्र व्यवहार नाहीत.

आता 'निर्वासित' आणि 'आरक्षण' यांकडे वळतो, कारण सारे विष तेथेच आहे आणि ते वेल्ससाठी नव्हे, आपल्या गावातल्या भांडणासाठी कालवलेले आहे. गेथिंग यांचा जन्म १९७४ साली झांबियाच्या लुसाका शहरात झाला, एवढे खरे. आई झांबियाच्या, वडील मात्र दक्षिण वेल्सचे, व्यवसायाने पशुवैद्य, गोरे. मुलगा लहान असताना हे कुटुंब वेल्सला परतले, ते अ‍ॅबरगव्हेनी गावातली नोकरी वडिलांना देऊ केली होती म्हणून. वडील कृष्णवर्णीय पत्नी आणि मुलांसह तेथे पोहोचले, तेव्हा ती नोकरी मागे घेण्यात आली. अखेर त्यांना इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात काम शोधावे लागले आणि मुलगा तेथेच वाढला. ही हकीकत गेथिंग यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेली आहे. कातडीच्या रंगाने या घराला काय मिळवून दिले, याचा हिशेब मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा मांडावा.

त्यानंतरची वाट पायरीपायरीची आहे. अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठात शिक्षण, वेल्सच्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्षपद, कामगारांचे खटले लढवणारी वकिली, वेल्सच्या कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्षपद, २००४ पासून कार्डिफचे नगरसेवकपद, आणि २०११ पासून कार्डिफ साउथ अँड पेनार्थ या मतदारसंघातून वेल्सच्या कायदेमंडळात, म्हणजे सेनेदमध्ये, निवडून येणे. आरोग्यखाते त्यांच्याकडे २०१६ ते २०२१ होते, म्हणजे कोविडचा पहिला तडाखा त्यांच्याच कारकिर्दीत बसला. प्रथम मंत्रिपदासाठी कोणतेही आरक्षण नाही. वेल्समध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या मजूर पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत त्यांनी जेरेमी माइल्स यांना ५१.७ विरुद्ध ४८.३ टक्के अशा निसटत्या मतांनी हरवले. सर्वसामान्य मतदारांनी त्यांना त्या पदासाठी निवडले नव्हते, हे मान्य; पण महाराष्ट्रातही मुख्यमंत्री बदलताना दर वेळी निवडणूक होत नाही, हे मामा विसरलेले नसावेत.

लाचेच्या आरोपात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने कबूल करतो. नेतेपदाच्या प्रचारासाठी गेथिंग यांनी एका कंपनीकडून दोन लाख पौंडांची देणगी घेतली, आणि त्या कंपनीच्या प्रमुखाला पर्यावरणविषयक गुन्ह्यांत दोनदा शिक्षा झालेली होती. देणगी त्यांनी जाहीर केली होती आणि आपण नियम पाळले यावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. पण ती परत करण्यास नकार देणे हा शुद्ध हटवाद होता, असे माझे मत आहे. तरीही लाच घेताना कोणी पकडले नाही, आणि न्यायालयाचा तर संबंधच नाही. सेनेदच्या कामकाजाची नोंद कोणालाही वाचता येते: ५ जून २०२४ रोजी त्यांच्यावरचा अविश्वास ठराव २९ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. सभासद तेव्हा साठ होते, पीठासीन अधिकारी आणि त्यांचे उपाध्यक्ष मत देत नाहीत, आणि मजूर पक्षाचे दोन सदस्य आजारपणामुळे मतदानाला नव्हते. त्या चर्चेच्या वेळी बाकावर बसून डोळे पुसणारे गेथिंग साऱ्यांनी पाहिले. ठराव बंधनकारक नसल्याने ते पदावर राहिले. त्यांना घालवले ते स्वकीयांनी: १६ जुलै रोजी सरकारमधल्या चौघांनी एकाच दिवशी राजीनामे दिले, त्यांत निवडणुकीत हरलेले माइल्सही होते, आणि त्याच दिवशी गेथिंग यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

हे सारे मी गटात लिहिले. मामांचे उत्तर रात्री आले: "म्हणजे आपला लिओ ब्रिटनचा नव्हताच म्हण की." बाकीच्या मुद्द्यांवर ते अजून काही बोललेले नाहीत.